मन कोसळतं त्या रात्री मदत कशी शोधायची

तुम्ही स्वतःच आत्ता जीव संपवायच्या विचारात असाल, तर हा लेख नंतर वाचा. आधी दोन गोष्टी करा. ज्या वस्तूने स्वतःला इजा करावी असं मनात येतंय, तिच्यापासून उठून लांब जा. दुसऱ्या खोलीत, घराबाहेर, कुठेही, पण माणसं असतील तिथे. आणि एक फोन लावा. भारतात १४४१६, म्हणजे टेली-मानस. ही सेवा चोवीस तास सुरू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. अमेरिका आणि कॅनडात ९८८. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ११६ १२३. ऑस्ट्रेलियात १३ ११ १४. गोळ्या किंवा दुसरं काही आधीच पोटात गेलं असेल किंवा जखम झाली असेल, तर हेल्पलाइनमध्ये वेळ न घालवता थेट रुग्णवाहिका बोलवा: भारतात आणि युरोपीय संघातल्या देशांत ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. काय बोलायचं ते सुचत नसेल तर एवढंच म्हणा, "मला जगावंसं वाटत नाहीये आणि मी एकटा आहे." पुढचं विचारायचं काम त्यांचं.

आता बाकीच्यांशी बोलते. म्हणजे ज्यांना रात्री उशिरा कुणाचा तरी फोन आलाय, किंवा शेजारच्या खोलीत आपलं माणूस दार लावून बसलंय आणि काय करावं ते कळत नाहीये, त्यांच्याशी. मी डॉक्टर नाही. माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणात मी हे सगळं चुकत-माकत शिकले, आणि नंतर एका हेल्पलाइनवर ऐकण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. तिथे कळलं की पहिल्या रात्री मी जवळजवळ प्रत्येक गोष्ट उलटी केली होती.

आधी आपलं काम काय ते ठरवून घ्या

त्या रात्री मला वाटत होतं की मला नेमकं वाक्य सापडलं की तो सावरेल. दोन तास मी वाक्यं शोधत होते. आयुष्य किती सुंदर आहे, आई-बाबांचं काय होईल, हेही दिवस जातील. तो मान डोलवत होता.

त्याला बरं करणं हे माझं काम नव्हतंच. तेव्हा माझ्याकडे दोनच कामं होती: त्याला एकटं पडू न देणं, आणि ज्याला यातलं कळतं अशा माणसापर्यंत त्याला पोचवणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचारावर एक मार्गदर्शिका काढली. ती मुळात युद्ध, पूर, भूकंप अशा आपत्तींत सापडलेल्यांसाठी आहे, पण तिची तीन सूत्रं घरातल्या संकटालाही तशीच्या तशी लागू पडतात: पाहा, ऐका, जोडून द्या. यात 'समजवा' कुठेच नाही हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

संकट कशाला म्हणायचं

दुःख, चिडचिड, परीक्षेचा ताण, प्रेमभंगानंतरचं रडणं हे सगळं त्रासाचं असतं, पण त्यात माणूस कसाबसा स्वतःला सांभाळत असतो. संकट तेव्हा, जेव्हा सांभाळण्याच्या नेहमीच्या वाटा बंद होतात आणि जिवाला धोका निर्माण होतो, किंवा भोवतालचं खरं काय आणि खोटं काय हेच त्याला उमगेनासं होतं.

काही खुणा ओळखता येतात. "माझं सगळ्यांना ओझं झालंय" हे वारंवार येणारं वाक्य. आवडत्या वस्तू वाटून टाकणं, व्यवहार मिटवणं, लांबच्या माणसांना उगाच फोन करून माफी मागणं. सलग अनेक रात्री झोप नसणं. कुणी नसताना आवाज ऐकू येणं, कुणीतरी पाळत ठेवतंय अशी पक्की खात्री असणं. आणि एक खूण अशी, की तिने घरचे हमखास फसतात: आठवडेच्या आठवडे तळमळणारा माणूस एके दिवशी अचानक शांत, हलका होतो. आपण म्हणतो, सुटलो. ते कदाचित खरंच बरं वाटणं असेल, पण कधी कधी निर्णय घेऊन झाल्याची ती शांतता असते. म्हणून आनंद माना, पण विचारायचं टाळू नका.

पहिली पायरी: स्पष्ट विचारा

आपल्या तोंडातून 'आत्महत्या' हा शब्द निघत नाही. मग आपण विचारतो, "तू काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?" मीही हेच विचारलं होतं. या प्रश्नाची घडणच बघा. शेवटचा तो 'ना' उत्तर आधीच सांगून टाकतो. शिवाय 'हो' म्हणावं तर आपण वेडे आणि वाकडे ठरणार. माझा भाऊ म्हणाला, "नाही गं ताई." मी सुटकेचा श्वास टाकून झोपायला गेले. त्याने तारीखसुद्धा ठरवली होती, हे मला पुढे डॉक्टरांसमोर कळलं. तो मला फसवत नव्हता. मला जे उत्तर हवं होतं ते त्याने दिलं, इतकंच.

त्यापेक्षा असं विचारा: "इतका त्रास होत असला की काही जणांच्या मनात जीव द्यायचे विचार येतात. तुझ्या मनात येतात का?" आणि मग गप्प बसा. ती शांतता जड जाते. मनात वीसपर्यंत आकडे मोजा, पण ती तुम्ही भरून काढू नका.

विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती सगळ्यांना असते. हे संशोधकांनी वेगवेगळ्या गटांवर तपासून पाहिलं आहे, आणि थेट विचारल्याने धोका वाढतो असं आढळलेलं नाही. उलट, बऱ्याच जणांना कुणीतरी तो शब्द उच्चारला याचाच दिलासा वाटतो. हेल्पलाइनवर मी हा प्रश्न विचारल्यावर पलीकडून येणारा तो लांब उसासा अनेकदा ऐकला आहे.

उत्तर 'हो' आलं तर दचकू नका, किंवा दचकलात तरी आवाज स्थिर ठेवा. पुढचे प्रश्न पायरीपायरीने खोल जातात. नुसतं "मेलेलं बरं" असं वाटतं, की काही करायचा विचार आहे? कसं करायचं ते ठरलंय का? ते साधन हाताशी आहे का? केव्हा? याआधी कधी प्रयत्न केला होता का? जितक्या पायऱ्यांना 'हो', तितका धोका जवळ. बेत, साधन आणि वेळ ही तिन्ही ठरलेली असतील, तर ही आणीबाणी आहे. आता त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. बाथरूमला गेला तरी आतून कडी लावू देऊ नका. त्याला संकोच वाटेल, तुम्हालाही वाटेल. चालेल.

इथेच एक पेच येतो. तो म्हणतो, "कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घे." घेऊ नका. मी आता असं सांगते: "तुझी गोष्ट मी चारचौघांत करणार नाही. पण तुझा जीव वाचवायला ज्याला सांगावं लागेल त्याला सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन." यावर राग येतो. तो राग पुढे निवळायला वेळ मिळणं महत्त्वाचं.

दुसरी पायरी: साधनं दूर करा

मला विचाराल तर या अख्ख्या लेखातलं सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी केलं जाणारं काम हेच. घरचे म्हणतात, "करायचंच असेल तर दुसरं काहीतरी शोधेल." बहुतेक वेळा हे खरं नसतं. जीव देण्याची ऊर्मी लाटेसारखी येते. तिचा अगदी टोकाचा भाग अनेकदा मिनिटांचा किंवा काही तासांचा असतो. त्या वेळात हाताशी काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

रिचर्ड सायडन या अमेरिकन संशोधकाने १९७८ मध्ये अशा ५१५ जणांचा माग काढला, ज्यांना काही वर्षांपूर्वी अगदी ऐनवेळी कुणीतरी रोखलं होतं. त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक एक तर अजून जिवंत होते किंवा पुढे नैसर्गिक कारणाने गेले होते. श्रीलंकेचं उदाहरण तर एका देशाच्या आकाराचं आहे. १९९० च्या दशकात तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी होतं. सर्वाधिक विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी येत गेली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत ते प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आलं. लोकांची दुःखं तेवढ्याने कमी झाली नव्हती. हाताशी असलेली वस्तू तेवढी कमी घातक झाली होती.

म्हणून घरातल्या जास्तीच्या गोळ्या, कीटकनाशकं, धारदार वस्तू, शस्त्र असेल तर ते, सगळं बाहेर काढा. नुसतं कपाटात उंचावर ठेवून भागत नाही. कुलूप लावा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या, किंवा वस्तूच काही दिवस नातेवाइकाकडे ठेवा. त्याने कोणता बेत सांगितला होता, त्यापासून सुरुवात करा. चोरून करण्यापेक्षा सांगून केलेलं बरं: "काही दिवस हे माझ्याकडे राहू दे." नेहमीच्या औषधांचं काय, असा प्रश्न येतो. ती बंद करायची नाहीत. दिवसाच्या दिवशी तुमच्या हाताने द्या, आणि डॉक्टरांना एका वेळी थोड्याच दिवसांच्या गोळ्या लिहून द्यायला सांगा. या काळात दारूही घरात नको. दारूने विचार आणि कृती यांतलं अंतर कमी होतं. मात्र रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एका झटक्यात तोडणं जिवावर बेतू शकतं, म्हणून तिथे आधी डॉक्टर.

तिसरी पायरी: फोन

हेल्पलाइनवर फोन करायला लोक बिचकतात, कारण पलीकडे काय होतं ते माहीत नसतं. सांगते. आधी रेकॉर्ड केलेला आवाज, भाषेची निवड, मग कदाचित थोडी वाट. मग एक माणूस. नाव सांगायची सक्ती साधारणपणे नसते. तो तुम्हाला भाषण देत नाही. तो विचारेल की आत्ता तुम्ही सुरक्षित आहात का, जवळ कोण आहे, काय झालं. अगदी जिवाचा धोका दिसला तर काही सेवा स्थानिक मदत पाठवायचा प्रयत्न करतात. गुप्तता कुठपर्यंत पाळली जाते हे तुम्ही सुरुवातीलाच विचारू शकता, त्यात काही गैर नाही. आणि हेल्पलाइन फक्त त्रासात असलेल्या माणसासाठी असते असंही नाही. "माझा भाऊ असं असं बोलतोय, मी काय करू?" एवढं विचारायलाही फोन करता येतो. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर!

फोन लागला नाही, लाइन व्यग्र असली, तर ते स्वतःवर घेऊ नका. पुन्हा लावा, दुसरा नंबर लावा. पलीकडचा माणूस पटला नाही तर ठेवून द्या आणि पुन्हा फोन करा, बहुधा दुसरं कुणी उचलेल.

या सेवांची सुरुवात कशी झाली ते मला फार आवडतं. चॅड व्हारा या धर्मगुरूंनी १९५३ मध्ये लंडनच्या एका चर्चमधून निराश लोकांसाठी एक फोन नंबर सुरू केला. सल्ला ते स्वतः देणार होते. त्यांना भेटायला आलेल्यांची गर्दी वाढली, म्हणून थांबलेल्यांशी गप्पा मारायला काही साधे स्वयंसेवक बसवले. लवकरच लक्षात आलं की स्वयंसेवकांशी बोलून अनेकांना इतकं हलकं वाटायचं की पुढे व्हारांना भेटायची त्यांना गरजच राहत नसे. १९५४ मध्ये त्यांनी ते काम स्वयंसेवकांच्याच हाती सोपवलं. ती संस्था म्हणजे समॅरिटन्स; वर दिलेला ११६ १२३ हा नंबर तिचाच.

चौथी पायरी: नेमकं कुणाकडे जायचं

इथे नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. कौन्सेलर, सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिस्ट ही एकाच पाटीवरची तीन नावं वाटतात. सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर; औषध लिहून देणं, ॲडमिट करणं हे त्याच्या अखत्यारीत येतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तपासणी आणि थेरपी करतो. समुपदेशक बोलण्यातून वाट काढायला मदत करतो. तिघंही हवे असतात, पण आज रात्री नाही. पुढच्या गुरुवारची अपॉइंटमेंट मिळाली म्हणून निर्धास्त होऊ नका. धोका आज असेल तर जागा एकच: ज्या रुग्णालयात चोवीस तास आपत्कालीन विभाग आहे आणि शक्यतो मानसोपचार विभागही आहे, ते. फोन करून आधी विचारा, "आत्ता मानसोपचाराचे डॉक्टर ड्यूटीवर किंवा बोलावल्यावर येतील का?" धोका तितका जवळचा नसेल तर नेहमीच्या फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात करणंही उत्तम. त्याच्या चिठ्ठीने पुढची दारं लवकर उघडतात.

आधी शरीर तपासून घ्या हेही महत्त्वाचं. एखादा माणूस, विशेषतः वयस्कर, कालपर्यंत ठीक होता आणि आज अचानक असंबद्ध बोलतोय, दिवस-रात्र कळत नाहीये, तर ते मनाचं दुखणं आहे असं घरी ठरवून टाकू नका. जंतुसंसर्ग, रक्तातली साखर किंवा सोडियम खाली जाणं, डोक्याला मार, एखाद्या औषधाचा परिणाम, यांतलं काहीही असू शकतं. तसंच, आयुष्यात पहिल्यांदाच छातीत दुखून, धाप लागून जीव घाबरा झाला असेल तर तो पॅनिक अटॅक आहे हे हृदय तपासल्यावरच म्हणायचं. पॅनिक अटॅक साधारणपणे दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरू लागतो. सोबत बसा, श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांबवायला सांगा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा.

निघताना एका कागदावर लिहून न्या. त्रास कधीपासून, काय बदललं, झोप किती, खाणं कसं, काय बोलला (त्याच्याच शब्दांत), आधीचे प्रयत्न, इतर आजार, ॲलर्जी. सुरू असलेल्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिप्स आणि जुनी फाईल पिशवीत टाका. फोनचा चार्जर विसरू नका, कारण थांबावं फार लागतं. माझ्या भावाला आम्ही पहिल्यांदा नेलं तेव्हा ज्या डॉक्टरांनी तपासलं त्यांनी चार अनोळखी माणसांसमोर मोठ्याने विचारलं, "का असले विचार करतोस?" तो पुढे तासभर एक अक्षर बोलला नाही. तेव्हा मी गप्प राहिले. आज असते तर म्हटलं असतं, "डॉक्टर, पडद्यामागे किंवा वेगळ्या खोलीत बोलता येईल का?" तुम्ही हे म्हणू शकता. आणि कागद थेट डॉक्टरांच्या हातात देता येतो. सगळं तोंडी, सगळ्यांसमोर सांगावं लागत नाही.

आणखी एक वाक्य पाठ करून जा. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं आणि तुम्हाला भीती वाटत असेल, तर स्पष्ट म्हणा: "घरी आम्ही त्याला सुरक्षित ठेवू शकू असं मला वाटत नाही." 'जरा काळजी वाटते' आणि हे वाक्य यांचा परिणाम अगदी वेगळा होतो.

तो वेगळ्याच जगात असेल तर

कुणीतरी मारायला टपलंय, भिंतीतून आवाज येतायत असं माणूस सांगत असेल, तर वाद घालून उपयोग नाही. "असं काही नाहीये" म्हटलं की तुम्हीही त्या कटात सामील ठरता. पण हो ला हो सुद्धा म्हणू नका. भ्रमाशी बोलू नका, भीतीशी बोला: "मला ते ऐकू येत नाहीये, पण तुला खूप भीती वाटतेय हे दिसतंय. मी इथेच आहे." टीव्ही बंद करा, गर्दी कमी करा, एकानेच बोलायचं, हळू आवाजात. दाराची वाट अडवून उभं राहू नका, त्याचीही वाट मोकळी ठेवा आणि तुमचीही. हात धरून ओढणं, बांधून ठेवणं, खोलीत कोंडणं यांनी भीती भडकते. कुणाला इजा होईल अशी वेळ आली तर बाहेर पडा आणि आपत्कालीन नंबर लावा. फोनवर पहिलं वाक्य हे असू द्या: "ही वैद्यकीय आणीबाणी आहे, माणूस मानसिक आजाराच्या झटक्यात आहे." हातात काही वस्तू असेल तर तीही सांगा. कोण येणार आणि कसं वागणार, हे बरंचसं या पहिल्या वाक्यावर ठरतं.

वाट पाहताना काय बोलायचं

रुग्णवाहिका यायची आहे, किंवा सकाळ व्हायची आहे. हे मधले तास लांब असतात. "पॉझिटिव्ह विचार कर", "तुला काय कमी आहे", "मनावर घेऊ नकोस", "लोकांना बघ किती दुःखं असतात" ही चार वाक्यं तेवढी टाळा. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण ऐकणाऱ्याला त्यांतून एकच कळतं, की याला माझं ऐकायचं नाहीये.

मग बोलायचं काय? फारसं काही नाही. त्याचंच वाक्य हळूच परत द्या: "म्हणजे महिनाभर तू हे एकट्याने सोसतोयस." छोट्या गोष्टी विचारा: पाणी देऊ? दिवा बंद करू? कुणाला बोलावू का? मोठे निर्णय, नोकरी सोडायची की नाही, घटस्फोट, कर्ज, आज कुणीही घ्यायचे नाहीत. तो प्रश्न वर आलाच तर कागदावर लिहून ठेवा आणि म्हणा, "यावर आपण नक्की बोलू, आज नको." जीव न देण्याची शपथ मात्र घ्यायला लावू नका. अशा वचनांनी संरक्षण मिळतं असा पुरावा नाही, आणि शपथ मोडावीशी वाटली की तो तुम्हाला फोन करायचंही टाळतो.

कागदावरची योजना

शपथेऐवजी जे उपयोगी पडतं ते म्हणजे सुरक्षा योजना. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तिचा सहा पायऱ्यांचा साचा तयार केला. लाट जरा ओसरल्यावर, शक्यतो डॉक्टर किंवा समुपदेशकासोबत, त्या माणसाच्या स्वतःच्या शब्दांत ती लिहायची असते. माझं बिनसतंय हे मला कशावरून कळतं. तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो. मन दुसरीकडे वळेल अशी कोणती माणसं, कोणत्या जागा. मदत मागता येईल असे जवळचे कोण. कोणते डॉक्टर, कोणती हेल्पलाइन. आणि घर सुरक्षित कसं करायचं. याच क्रमाने, वरून खाली.

भावाच्या कागदावरची पहिली ओळ होती, "मी मेसेज वाचतो पण उत्तर देत नाही." कुठल्याही डॉक्टरला हे बाहेरून कळलं नसतं. आता तीन दिवस उत्तर आलं नाही की मी थेट जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, आपत्कालीन विभागात अशी योजना लिहून घेतलेल्या आणि नंतर फोनवर विचारपूस झालेल्या रुग्णांमध्ये पुढच्या सहा महिन्यांतल्या आत्मघाती वर्तनाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. कागदाचा फोटो काढून त्याच्याही फोनमध्ये ठेवा आणि तुमच्याही.

डिस्चार्जनंतर

घरी आणलं की सगळे हुश्श करतात, आणि नेमके तेच आठवडे जपण्याचे असतात. रुग्णालयातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही दिवस आणि आठवडे सर्वाधिक धोक्याचे असतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी पुढची तारीख घ्या, शक्यतो आठवड्याच्या आतली. मधे काही झालं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा हेही लिहून घ्या.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण दिसायला त्याहून जास्त. दुष्परिणाम मात्र पहिल्या दिवसापासून असू शकतात. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही, उगाच मळमळतंय" म्हणून गोळ्या सोडणारे खूप असतात. बरं वाटल्यावर सोडणारेही असतात. दोन्ही वेळा आधी डॉक्टरांना फोन. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवा. अस्वस्थता, चिडचिड किंवा मरणाचे विचार वाढलेले दिसले तर तारखेची वाट पाहू नका.

तुमच्या झोपेचंही बघा. आमच्याकडे पहिले पाच दिवस मी एकटीच जागले आणि सहाव्या दिवशी त्याच्यावरच ओरडले. नंतर आम्ही कागदावर पाळ्या लावल्या: रात्री कोण, दवाखान्यात कोण, फक्त फोन घेणारा कोण. शेवटचं काम एका मामेबहिणीने घेतलं. ती दुसऱ्या शहरात होती, तरी सगळ्या नातेवाइकांचे "आता कसा आहे?" तिच्याकडे वळवल्यामुळे माझे दिवसाचे दोन तास वाचले.

हे सगळं संपल्यावर, म्हणजे फाईल कपाटात गेल्यावर, माणसं हळूहळू विचारायची बंद होतात. जेरोम मोटो या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी याच काळासाठी एक साधा प्रयोग केला होता. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या धोक्यामुळे रुग्णालयात राहून गेलेले आणि पुढचे उपचार नाकारलेले ८४३ जण त्यांनी निवडले. त्यांतल्या निम्म्यांना पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली: तुमची आठवण आहे, सगळं बरं असेल अशी आशा आहे, वाटलं तर कळवा. ना सल्ला, ना प्रश्नावली. २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसलं की पत्रं मिळालेल्या गटात, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, आत्महत्येने झालेले मृत्यू कमी होते.

मी ते पत्र फोनवर आणलंय. दर रविवारी सकाळी भावाला एक मेसेज जातो. कधी खिडकीबाहेरच्या मांजराचा फोटो, कधी नुसतं "आठवण आली. उत्तर द्यायलाच हवं असं नाही." तुमच्या माणसाला तुमच्या शब्दांत लिहा, दोन ओळींच्या वर नको, शेवटी प्रश्नचिन्ह नको. एखाद्या रविवारी निळी खूण उमटली आणि उत्तर आलं नाही, तरी पुढच्या रविवारी पाठवा.